तिसऱ्या मजल्याच्या वर

१५ जानेवारी

निवृत्त होऊन आठ महिने झाले आणि आज मी पुन्हा नवशिका झालो. मुलीने माझ्या मोबाइलवर एका मंचावर माझं खातं उघडून दिलं. इमारतींचे नियम आणि आगीपासूनची सुरक्षा, एवढ्याच विषयावर बोलायची जागा. आपल्याच शहरातले दोन-अडीचशे लोक आहेत. खरं नाव कुणीच लावत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, आईला दर जेवणाला गॅसची नळी बदलायला सांगण्यापेक्षा तिथे सांगा. तिथे लोक विचारतात तरी." ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "देव तुझं भलं करो."

मी 'तपासनीस' हे नाव घेतलं. एकतीस वर्षं सरकारी खात्यात तेच होतो. नवीन इमारत उभी राहिली की जिने, दारं, नळ, पंप तपासून प्रमाणपत्र द्यायचं. कुणाच्या चहाच्या कपालाही कधी हात लावला नाही, हे आमचं सगळं खातं जाणतं.

मंच चालवणाऱ्या बाई 'जिना' या नावाने लिहितात. त्यांचा एक नियम आहे. नव्या माणसाने ओळख करून देताना दोन गोष्टी सांगायच्या. आपला धंदा काय, आणि त्या धंद्यात केलेली आपली एक चूक. चूक लिहिल्याशिवाय नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. मला हे पोरकट वाटलं. पण आधीच्या लोकांच्या ओळखी वाचल्या तर एकेकाने पोटातलं ओठावर आणलेलं. एका रंगाऱ्याने लिहिलंय की त्याने छताला रंग देताना आग विझवायचे पाण्याचे फवारेसुद्धा रंगवून बुजवले होते.

मी तासभर बसलो. चूक सापडेना. ही वही माझीच आहे, इथे कशाला खोटं लिहू? सापडत होत्या, लिहिण्याजोगी सापडेना. शेवटी लिहिलं, 'एकदा तळघराच्या तपासणीला टॉर्च न घेताच गेलो आणि काड्या ओढत परत आलो.' बारा जणांनी हसरे चेहरे टाकले. जिनाबाईंनी लिहिलं, 'स्वागत आहे.'

ती चूकसुद्धा माझी नव्हती. माझ्या हाताखालच्या एकाची होती, जो आता माझ्या खुर्चीवर बसतो. साठीच्या माणसाने दुसऱ्याची चूक उसनी घ्यावी याची लाज वाटली. पण उद्यापासून लिहिता तरी येईल.

१९ जानेवारी

चार दिवसांत नऊ जणांना उत्तरं दिली. आपण अजून उपयोगाचे आहोत असं वाटून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आज एका नव्या सदस्याने विचारलं की उंच इमारतीचा तपासणीचा तक्ता भरता भरता हात दुखून येतो, काही सोपी रीत आहे का. मी माझी रीत सांगितली. तक्त्यात मजल्यागणिक एक ओळ असते. पहिल्या ओळीत 'ठीक' लिहायचं आणि तिथून शेवटच्या मजल्यापर्यंत एक सरळ उभी रेघ ओढायची. माझ्या रेघेला शेवटी डावीकडे एक शेपटी असायची, ती खात्यात प्रसिद्ध होती. जिनाबाईंनी लगेच विचारलं, 'रेघ ओढायच्या आधी प्रत्येक मजल्यावर जात होतात ना?' मी लिहिलं, 'अर्थातच.'

बहुतेक वेळा गेलो. गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते. त्यातून एकच कंत्राटदार, एकाच गाडीतून आलेली दारं. तीन मजले पाहिले की पुढचं कळतं. एवढ्या वर्षांच्या नजरेला काही अर्थ असतो की नाही?

उत्तर दिल्यावर बराच वेळ मोबाइल पालथा ठेवला होता. कशासाठी, कोण जाणे.

२७ जानेवारी, रविवार

मुलगी आणि जावई जेवायला आले. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिने मला पेशंट करून टाकलंय, ताटावरून उठलो की "पाय सरळ करा" म्हणते.

जेवताना तिने जावयाला पुन्हा तीच गोष्ट सांगितली. ती दहा वर्षांची असताना शाळेत तिचं पाठांतर होतं. त्याआधीच्या प्रत्येक कार्यक्रमाला बाबा उशिरा पोचलेले, नाहीतर पोचलेच नव्हते. आणि त्या दिवशी बाबा चारलाच हजर. कार्यक्रम साडेपाचचा. सभागृहात चिटपाखरू नाही, पडदा बंद, आणि पहिल्या रांगेत बाबा एकटे, मांडीवर ऑफिसची बॅग. शिपाई येऊन म्हणाला, "खुर्च्या मांडायला आलात का?" तिने पडद्याच्या फटीतून हे पाहिलं होतं. "त्या दिवशी मी एकही ओळ विसरले नाही," ती म्हणाली.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. दर वेळी माझे डोळे भरून येतात. आयुष्यात बाप म्हणून एक दिवस तरी शंभर टक्के बरोबर वागलो.

३ फेब्रुवारी

मंचावर एक बाई नवीन आल्यात, 'सातवा मजला' नावाने. ग्रंथालयात काम करतात. त्यांनी आपली चूक लिहिली, 'आईला दोन वर्षं खोटं सांगतेय की आपली लिफ्ट कधी बंद पडत नाही.' आई चाकाच्या खुर्चीत असते. दोघीच राहतात. इमारत चौदा मजली, निळ्या पाण्याच्या टाकीसमोरची, अठरा वर्षांची. प्रश्न असा की आग लागली, लिफ्ट बंद, तर आईला कुठे न्यायचं.

या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं चांगलं कोण देणार? इमारतींच्या तळमजल्यावर जी सूचना लावलेली असते, 'ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांनी जिन्याच्या दारामागे थांबावे,' ते वाक्य मूळ माझ्या हातचं. मी सविस्तर समजावून दिलं. जिन्याचं दार साधं नसतं, आगरोधक असतं, जड असतं, वरच्या क्लोजरमुळे आपोआप बंद होतं आणि दोन तास आग-धूर अडवतं. आईला खुर्चीसकट दारापलीकडे जिन्याच्या चौकात न्यायचं, दार लागू द्यायचं आणि अग्निशमनवाल्यांची वाट पाहायची. महिन्यातून एकदा सराव करा म्हणून सांगितलं.

त्यांनी लिहिलं, 'दादा, आमचं दार जड नाहीये. मी एका बोटाने लोटते. वर क्लोजर पण नाही.'

मी लिहिलं, 'क्लोजर लोकच काढून टाकतात. तळमजल्यावर प्रमाणपत्र लावलंय का?' त्या म्हणाल्या, लावलंय. मग मी लिहिलं, 'तर दार बरोबरच आहे. निश्चिंत राहा.'

आगरोधक दार एका बोटाने लोटलं जात नाही, हे मला माहीत आहे. पण मोबाइलवरून कुणी काय सांगेल आणि आपण काय समजू, याला काही धरबंध नाही. प्रमाणपत्रावर विश्वास नाही ठेवायचा तर मग आम्ही एकतीस वर्षं केलं काय?

१० फेब्रुवारी

आज डोकं फिरलं. एक सुतार नवीन आलाय, नावही 'सुतार'च. त्याने चूक लिहिली ती जशीच्या तशी उतरवतो.

'पंधरा-वीस वर्षांमागं एका कंत्राटदाराकडं होतो. तीन-चार बिल्डिंगांना दारं बसवली. तिसऱ्या मजल्यापर्यंत खरी आगीची दारं, पत्र्याच्या पाटीसकट. त्याच्या वर साधी पोकळ, प्लायची, रंग सेम. मी म्हटलं, शेठ, साहेब बघतील की. तो म्हणाला, ते साहेब तिसऱ्याच्या वर जात नाहीत. तेव्हा मी गप बसलो. माझं पोट होतं. आता टीव्हीवर कुठं आग बघितली की चॅनल बदलतो.'

मी जे लिहायचं ते लिहिलं. की तुमच्यासारख्यांमुळे माणसं मरतात. की पोट सगळ्यांनाच असतं, म्हणून सगळेच असं करत नाहीत. की तुम्हाला झोप कशी लागते. अठरा जणांनी अंगठे दिले. काहींना माझं लिहिणं फार कडक वाटलं, पण कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

जिनाबाईंनी त्याला एवढंच विचारलं, 'कोणते साहेब?' तो म्हणाला, 'नाव कधी कळलं नाही. सगळे गुडघेवाले साहेब म्हणायचे.'

१२ फेब्रुवारी

हिला म्हटलं, शहरात माझ्यासारखे गुडघे दुखणारे किती तपासनीस असतील गं? तिने निवडत होती ती भाजी बाजूला ठेवली. म्हणाली, "खात्यात तुम्ही चौघंच तर होतात."

मी टीव्ही लावला.

सुतार त्या दिवसानंतर मंचावर आलेला नाही.

१७ फेब्रुवारी

'सातवा मजला' बाईंनी कळवलं की त्यांनी आईबरोबर सराव केला. आईला दारापलीकडे बसवलं, दहा मिनिटं थांबल्या. आईला मजा वाटली म्हणे, थर्मासमधून चहा नेला होता. शेजारच्या काकूंनाही शिकवून ठेवलं, कारण दिवसा बाई स्वतः कामावर असतात. शेवटी लिहिलं, 'दादा, तुमच्यामुळे पहिल्यांदा निवांत कामाला जातेय.'

हे वाचून छान वाटायला हवं होतं. दोनदा लिहायला घेतलं की दाराच्या कडेला आगरोधक असल्याची पत्र्याची पाटी आहे का ते एकदा बघा. दोनदा पुसलं. आता विचारलं तर म्हणतील, मग आधी का नाही विचारलंत?

२१ फेब्रुवारी

दुपारी दोनच्या सुमारास 'सातवा मजला' बाईंच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर पंखा जळून गादीने पेट घेतला. आग लहान होती, वीस मिनिटांत विझली. हे मंचावरच कळलं. बाई कामावर होत्या. शेजारच्या काकूंनी शिकवल्याप्रमाणे आईला जिन्याच्या चौकात नेऊन बसवलं, दार लावलं आणि मदतीला माणूस आणते म्हणून त्या खाली धावल्या. पाचव्या मजल्यावरचं जिन्याचं दार पाच मिनिटंही टिकलं नाही. धूर जिन्यातून वर चढला आणि आई तिथेच बसून होती. घरात ओल्या टॉवेलने दाराची फट बुजवून बसली असती तर काही झालं नसतं, असं अग्निशमनवाल्याने बाईंना सांगितलं.

आई इस्पितळात आहे, ऑक्सिजनवर.

बाईंनी मला उद्देशून एक अक्षर वाईट लिहिलेलं नाही. नुसतं विचारलंय, 'दादा, दार दोन तास टिकतं म्हणाला होतात ना?'

मी उत्तर दिलं नाही. जेवलो नाही. हिने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

२४ फेब्रुवारी

'सातवा मजला' बाईंनी आज दोन फोटो टाकले. पहिला दाराचा. जळालेली कड, आत पुठ्ठ्याची जाळी. पोकळ. सगळ्या मजल्यांची दारं त्यांनी पाहिली. तिसऱ्यापर्यंत जड, क्लोजर, पाटी. चौथ्यापासून चौदाव्यापर्यंत साधी.

दुसरा फोटो सोसायटीच्या कपाटात मिळालेल्या जुन्या तक्त्याचा. नाव आणि सही त्यांनी बोटाने झाकली होती, कुणाची विनाकारण बदनामी नको म्हणून. पहिल्या ओळीत 'ठीक'. तिथून खाली चौदाव्या ओळीपर्यंत एक सरळ उभी रेघ. शेवटी डावीकडे शेपटी.

मी खुर्चीवर बसलो होतो तरी मला बसावंसं वाटलं.

नंतर प्रमाणपत्राच्या नूतनीकरणात दारं कुणी बघत नाही. पंप आणि सिलिंडर बघतात, दारांचं पहिल्या कागदावरून उतरवतात. म्हणजे अठरा वर्षं ती माझी एक रेघच खाली उतरत आली.

तारीख होती १२ डिसेंबर. ती तारीख मला पाठ आहे. आमच्या घरात सगळ्यांनाच पाठ आहे. त्या दिवशी मी चारला शाळेत पोचलो होतो.

आता सगळं लख्ख आठवतं. लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती. तीन मजले चढलो, घड्याळ पाहिलं, सव्वातीन. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, वर सगळं हेच आहे." मी जिन्यातच भिंतीला कागद टेकवून रेघ ओढली, स्कूटर काढली आणि वाटेत फुलं घेतली. गुडघे हे निमित्त होतं. खरं कारण माझं मलाही आजपर्यंत कबूल करता आलं नव्हतं. ज्या एका दिवसाच्या जिवावर मी स्वतःला बरा बाप समजत आलो, तो दिवस असा उभा होता.

लाज वाटते हे लिहून काही होत नाही. तरी लिहितो. फार लाज वाटते. अंगावरचे कपडे नकोसे होतात इतकी.

२ मार्च

सहा दिवस मंचावर गेलो नाही. फोटो पडले त्याच रात्री लोक त्या तपासनिसाला शिव्या घालत होते. एकाने लिहिलं, 'आपले तपासनीसकाका असते तर असं झालं नसतं.' ते वाचून मोबाइल हिच्या कपाटात साड्यांखाली ठेवला.

आज काढला, तर जिनाबाईंचा निरोप होता, फक्त मला. 'ओळखीत लिहिलेली चूक कधीही बदलता येते. टॉर्चची तुमची नाही, हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. ज्याची चूक असते तो एवढं मजेशीर लिहीत नाही.'

त्यांना १९ जानेवारीची रेघ आठवत असणार. शेपटीबद्दल मीच फुशारकी मारली होती. म्हणजे गेले सहा दिवस त्यांना माहीत आहे आणि त्या थांबल्यात. चारचौघांत थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं.

५ मार्च

सकाळी टेबलाशी बसलो आणि आधी कागदावर लिहून काढलं. पहिल्या खेपेला दोन पानं झाली. त्यात गुडघे होते, लिफ्ट होती, कामाचा बोजा होता आणि मुलीचं पाठांतरही होतं. वाचायला चांगलं वाटत होतं. डोळ्यांत पाणी येईल असं.

हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरीला कशाला मध्ये घालताय? ती दहा वर्षांची होती. तिने सांगितलं होतं का, जिने चढू नका म्हणून?"

मुलीचं खोडलं. मग गुडघे खोडले, लिफ्ट, बोजा, सगळं. उरलं ते मंचावर टाकलं, टॉर्चच्या जागी.

'धंदा: तपासनीस, आता निवृत्त. चूक: १२ डिसेंबरच्या तक्त्यावरची रेघ माझी आहे. मी तिसऱ्या मजल्याच्या वर गेलो नाही. एका बाईंनी दार हलकं आहे म्हणून सांगितलं तेव्हा मला शंका आली होती, तरी निश्चिंत राहा म्हणालो. त्यांच्या आईला मी तिथे बसवलं. ज्या सुताराने खरं लिहिलं त्याला मी झोप कशी लागते विचारलं. गुडघेवाला साहेब मीच. आधी लिहिलेली टॉर्चची चूक दुसऱ्याची होती. अशा रेघा आणखी किती इमारतींवर आहेत ते मला आठवत नाही.'

शेवटचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. तेच सगळ्यांत लाजिरवाणं आहे. एक पाप असतं तर त्याचा चेहरा तरी असता.

६ मार्च

दोनशेच्या वर उत्तरं आली. तीस-चाळीस वाचली. सगळी बरोबर आहेत.

'सातवा मजला' गप्प. सुताराने मात्र लिहिलं, 'साहेब, तुम्ही नाही बघितलं म्हणून मी सुटलो, आणि मी बसवलं म्हणून तुम्ही अडकलात. आता काय करायचं ते बोला. मला त्या बिल्डिंगा आठवतात, मी दाखवतो.'

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, 'राहू द्या, झोप नाहीच लागत.'

८ मार्च

खात्यात जाऊन लेखी निवेदन दिलं. माझ्या खुर्चीवरच्या साहेबाने दोनदा वाचलं. चेहरा उतरला त्याचा. म्हणाला, "सर, हे घेतलं तर तुमच्या एकतीस वर्षांच्या सगळ्या फायली काढाव्या लागतील. चौकशी लागेल."

"काढा," मी म्हटलं.

"पेपरात नाव येईल."

"येऊ दे."

त्याने शिक्का मारला. मंचावरचं त्यानेही वाचलं होतं. मी उठलो तेव्हा म्हणाला, "आणि सर, ती टॉर्चची गोष्ट तेवढी माझी मला परत द्या. मी पोरांना सांगतो ती." दोघंही हसलो आणि मग दोघांनाही कुठे बघावं ते कळेना.

घरी आलो तर मुलगी बसलेली. तिने मंचावरचं वाचलं होतं. तारीखही वाचली असणार. तिने माझा पाय मांडीवर घेऊन व्यायाम करून घेतला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

१२ मार्च

'सातवा मजला' बाईंचं उत्तर आलं. दोनच ओळी. 'आई परवा घरी आली. रविवारी दहा वाजता या. चालत वर या आणि प्रत्येक मजला बघा.'

मुलगी म्हणाली, "मी येते. गुडघ्यांची जबाबदारी माझी."

१७ मार्च, रविवार

निळी टाकी अजून तशीच आहे. दारात सुतार थांबला होता, माझ्याहून वयाने मोठा निघाला. हातात टेप आणि छोटी हातोडी. 'सातवा मजला' बाई तिशीच्या असतील. नमस्कार केला नाही, मीही अपेक्षा केली नव्हती. त्यांनी माझ्या हातात कोरा तक्ता दिला. चौदा ओळींचा.

पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. सुतार दारावर बोटाच्या पेराने वाजवायचा, मी क्लोजर, पाटी, फट बघायचो, मुलगी टेप धरायची. प्रत्येक मजल्याची ओळ वेगळी लिहिली. पहिला, दुसरा, तिसरा, ठीक. चौथ्यावर सुताराने वाजवलं आणि आवाज बदलला, डब्यासारखा. मी 'नाही' लिहिलं. पाचव्याला नुसती चौकट. मग सहावा. 'नाही' हा शब्द मी आज अकरा वेळा लिहिला.

सातव्या मजल्यावर त्यांच्या घराचं दार उघडं होतं. आई खिडकीपाशी खुर्चीत. आवाज अजून बसलेला आहे. लेकीने सांगितलं, "आई, हे ते तपासनीस."

मी हात जोडले. 

त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलेलं तसंच केलं हो मी. धूर आला तरी हलले नाही. म्हटलं, माहितगार माणसाने सांगितलंय, इथेच थांबायचं." मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "बसा घटकाभर. अजून सात मजले आहेत तुम्हाला."

मी बसलो. आजवर मला कुणीही याहून जास्त लागेल असं बोललेलं नाही आणि त्या बाईच्या मनात तसं काही नव्हतंसुद्धा. त्यांच्या मुलीने मला पाणी दिलं. पेला ठेवताना म्हणाली, "माफ केलं असं समजू नका."

"नाही," मी म्हटलं.

"दारं बदलेपर्यंत आईला कुठे बसवायचं ते नीट सांगा. या वेळी घर बघून सांगा."

मी घर पाहिलं. आतली खोली, जिची खिडकी रस्त्याकडे उघडते, ती दाखवली. दाराची फट मोजली, तिथे किती टॉवेल लागतील ते करून दाखवलं. काकूंनाही बोलावून दाखवलं. मग वरचे सात मजले चढलो.

चौदाव्यावर पोचून शेवटच्या ओळीत लिहिलं आणि खाली सही केली. नाव पूर्ण, वाचता येईल असं. सुतार गच्चीच्या पायरीवर बसला. मुलीने मोबाइल पाहिला. मला विश्रांती कधी द्यायची हे ठरवण्यासाठी तिने खालीच मोबाइलवर घड्याळ लावून ठेवलं होतं.

"किती?" मी विचारलं.

"सातव्यावर खुर्चीत बसलात आणि घर पाहिलंत तो वेळ सोडून बेचाळीस मिनिटं," ती म्हणाली. "सगळे चौदा मजले. आणि हे आत्ताच्या गुडघ्यांनी."

तिने माझ्या हातातून तक्ता घेऊन त्याची नीट घडी घातली. मला कळलं ती कशाचा हिशोब करतेय, कारण मीही तोच करत होतो. त्या दिवशी मी सव्वातीनला खाली उतरलो. बेचाळीस मिनिटं थांबलो असतो तरी पाचच्या आत शाळेत पोचलो असतो, आणि पडदा बंदच असता. मी त्या रिकाम्या सभागृहात मांडीवर बॅग घेऊन दीड तास बसलो होतो.